आजचं चिंतन: मारीचाचा आवाज



आजचं वाचन श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातलं, अध्याय आठवा. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतोय. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी हे सगळं मागच्या आठवड्यात झालं. कबूतर झालं, अजगर झाला, समुद्र, पतंग, भुंगा, हत्तीही झाले. आज हरीण आणि मासा.

हरणाची गोष्ट अगदी छोटी आहे. व्याधाच्या गाण्याला भुलून हरीण थबकतं आणि पकडलं जातं. म्हणून साधकानं कानांना जपावं, कानावर पडेल ते ऐकत सुटू नये, एवढाच अवधूताचा बोध. यावर लिहायचं तर इअरफोन, रील्स, ऑफिसच्या कॅन्टीनमधल्या चहाड्या असं पुष्कळ हाताशी आहे, आणि ते तुम्ही बऱ्याच ठिकाणी ऐकलंही असेल. मला आज दुसऱ्या बाजूला जायचंय. हरणाचं काय चुकलं ते अवधूतानं सांगितलं. गाणाऱ्याचं काय?

यादी पुन्हा एकदा बघा. हत्तीला पकडायला हत्तीण वापरतात. हरणाला गाणं. माशाला गळाला लावलेलं आमिष. कबुतराच्या गोष्टीत पसरलेलं जाळं. चारही ठिकाणी त्या जिवासमोर एक माणूस आहे आणि तो त्याला फसवतोय. अवधूतानं पिंगला वेश्येला गुरू केलं, बाण करणाऱ्या कारागिराला केलं, मध काढून नेणाऱ्यालासुद्धा केलं. व्याध मात्र त्या चोविसांत नाही. (मी 'व्याध' हाच शब्द धरून ठेवतोय, कारण 'पारधी' म्हटलं की आपल्याकडे एका अख्ख्या समाजावर बोट जातं. आणि गंमत म्हणजे अकोला-वाशीम भागात तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी वाचवण्याच्या कामात फासेपारधी मंडळींचीच मदत झाली आहे. पाखराला हाक कशी घालायची हे ज्याला येतं, त्याला ती कधी घालू नये हेही कळू शकतं.)

हे सगळं डोक्यात यायला कारण घडलं ते आमच्या निसर्गफेरीच्या ग्रुपवरचं भांडण. भांडण म्हणजे व्हॉट्सॲपवरचं, त्यामुळे रक्तपात नाही, पण तीन दिवस चाललं.

पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, आपल्या शहराला हे वेड जुनं आहे. नोव्हेंबर आला की ५ ते १२ तारखेला पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. मग शाळांच्या सभागृहांत व्याख्यानं, स्लाइड्स, पाषाण तलावावर सकाळच्या फेऱ्या, कवडीला बदकं, भिगवणला रोहित. आणि पावसाळ्याच्या तोंडावर सिंहगडाची दरी. आतकरवाडीच्या बाजूची ती झाडी म्हणजे पुण्याच्या पक्षीवेड्यांचं जणू गावदेवीचं देऊळ. एकदा तरी जाऊन आलंच पाहिजे.

जूनमध्ये तिथे सगळ्यांना हवा असतो नवरंग. पावसाआधी येतो, इथे घरटं करतो, पाऊस सरला की दक्षिणेकडे जातो. पन्नास-साठ ग्रॅमचा जीव, आखूड शेपटी, अंगावर नावाप्रमाणे रंगच रंग, आणि स्वभाव असा की एवढे रंग घेऊन हा जमिनीवर पाचोळ्यात किडे शोधत फिरणार. दिसत नाही. ऐकू मात्र येतो. दोन स्वरांची खणखणीत शीळ, विशेषतः पहाटे आणि संध्याकाळी. तमिळमध्ये तर त्याचं नावच 'सहा वाजताचा पक्षी' अशा अर्थाचं आहे.

तर त्या दिवशी वीस माणसं, त्यात दोन लहान मुलं, चाळीस मिनिटं ती शीळ ऐकत उभी होती. पक्षी करवंदीच्या जाळीमागे, फार तर पंधरा पावलांवर. दिसेना. तेव्हा एक काका फेरी नेणाऱ्या दादाला म्हणाले, "अहो, फोनवर त्याचा आवाज वाजवा ना दोन मिनिटं. लगेच बाहेर येईल. हडपसरहून पहाटे चारला निघालोय आम्ही." दादा म्हणाला, "काका, विणीचा हंगाम आहे, मी वाजवत नाही." काका म्हणाले, "कुणी मारतंय का त्याला?"

पक्षी दिसला नाही. घरी आल्यावर ग्रुप पेटला.

काकांचा प्रश्न मला टाळता येत नाही. अवधूताचं हरीण शिकारीत सापडतं. इथे कुणी बाण घेऊन आलेलं नाही. आलेली सगळी माणसं प्रेमानं आलेली, सहाशे रुपये भरून, झोप मोडून. पक्षी दोन मिनिटं बाहेर येणार, माणसं 'अहाहा' म्हणणार, तो परत जाणार. यात हिंसा कुठे आहे?

आधी तो आवाज म्हणजे काय ते बघू. विणीच्या दिवसांत पक्षी गातो, त्याचा ढोबळ अर्थ 'ही जागा माझी आहे, मी इथे आहे' असा असतो. दुसऱ्यानं त्याच हद्दीत तेच म्हटलं, की याला उठावं लागतं. खाणं सोडून, घरट्याकडचं लक्ष सोडून, त्या उपऱ्याला शोधायला. आपल्याला जे 'बाहेर आला, किती छान पोझ दिली' वाटतं, ते त्याच्या लेखी घरात कुणी घुसल्याचा गोंधळ असतो. शोधूनही शत्रू सापडत नाही, कारण शत्रू नाहीच, कुणाच्या तरी खिशात स्पीकर आहे. माझ्या धंद्यात याला स्पूफिंग म्हणतात: दुसऱ्याच्या नावानं, त्याच्याच भाषेत, खोटा निरोप पाठवायचा. आपण निदान पडताळणी करतो, ओटीपी मागतो. नवरंगाकडे तसलं काही नाही.

आणि इथे मला भागवतातल्या हरणापेक्षा दुसरं हरीण आठवलं. पंचवटीतलं, सोन्याचं. मारीचाची गोष्ट सांगताना आपण सोन्याच्या कातडीवर थांबतो, मोह, माया वगैरे. पण सोन्याच्या रूपानं फक्त राम दूर गेला. सीता एकटी पडली ती मारीचाच्या आवाजानं. मरताना त्यानं हुबेहूब रामाच्या आवाजात हाक मारली आणि राखणीला उभा असलेला लक्ष्मण झोपडी सोडून निघाला. लक्ष्मणाला तर कळत होतं की रामावर संकट येणं शक्य नाही, हा आवाज खोटा असणार. तरी सीतेच्या बोलण्यामुळे त्याला जावंच लागलं. नवरंगाला तेवढंही कळत नाही. तो राखण सोडून निघतो, आणि रानात टक्का चोर आहे, कावळा आहे, साप आहे. रावण दर वेळी येतोच असं मी म्हणत नाही. दर वेळी यायची गरजही नाही.

काकांचा प्रश्न 'मारतंय का' असा होता. मारीचानंसुद्धा कुणाला मारलं नव्हतं. तो फक्त खोटं बोलला.

मग प्रश्न असा येतो: पक्ष्याशी खोटं बोलणं हे खोटं बोलणं आहे का? सत्य हे व्रत माणसामाणसांतलं, की ज्याला ज्याला आपलं बोलणं कळतं त्या प्रत्येकाशी? गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय, तिथे ऐकणारा माणूसच हवा अशी अट मला सापडली नाही. तिथे बोलण्याच्या कसोट्या आहेत: समोरच्याला अस्वस्थ करणारं नसावं, खरं असावं, आवडेल असं असावं, त्याच्या भल्याचं असावं. बघा, अस्वस्थ न करणं हे सत्याच्याही आधी घेतलंय. स्पीकरमधली शीळ पहिल्याच कसोटीवर पडते, कारण ती अस्वस्थ करण्यासाठीच वाजवलेली असते. तो अस्वस्थ झाला नाही तर बाहेर येणार नाही! दुसऱ्या कसोटीवर पडते हे वर आलंच.

ग्रुपवर एकानं हुशारीचा मुद्दा काढला. निसर्गात फसवणूक काय कमी आहे? कोकीळ कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढतो. मग आपणच एवढं सोवळं का पाळायचं? मुद्दा मला आवडला, पण पटला नाही. कोकिळेला सतरावा अध्याय कुणी सांगितलेला नाही. तिला निवड नाही. तप हा शब्दच ज्याला निवड आहे त्याच्यासाठी आहे. कोकिळेचा दाखला देऊन आपण स्वतःला सूट मागतो तेव्हा माणूस असण्याचा फायदा तेवढा ठेवून घेऊन जबाबदारी परत करत असतो.

दुसरा मुद्दा जड होता. शास्त्रज्ञही आवाज वाजवतात. रानपिंगळा घ्या. १८८४ नंतर खात्रीची नोंद नाही, सगळ्यांनी संपला असं धरलेलं, आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. पुढे तो आणखी कुठे कुठे आहे हे शोधायला जी सर्वेक्षणं झाली त्यांत ध्वनिमुद्रित आवाज वापरले गेले. तो कुठे राहतो हे कळलं नसतं तर ते रान राखायची मागणी कोण करणार होतं? मला वाटतं, ही इंजेक्शनची सुई आहे. टोचते, पण ज्याला टोचते त्याच्यासाठीच टोचते, ठरलेल्या वेळी, मोजून, आणि टोचणारा त्याचा हिशेब ठेवतो. चौथी कसोटी, भल्याची, इथे तरी शिल्लक राहते. सहाशे रुपये वसूल व्हावेत म्हणून वाजवलेल्या आवाजाला ही सबब लागू नाही. कर्म बाहेरून एकच दिसतं, पण फळ कुणाच्या झोळीत पडणार आहे हे बघितल्याशिवाय त्याचा रंग कळत नाही.

दोन मिनिटांनी एवढं काय होतं, हेही विचारलं गेलं. इक्वाडोरमध्ये दोन पक्ष्यांवर असा अभ्यास झाला होता, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांतला एक पक्षी रोज रोज ऐकून त्या आवाजाला सरावला, दुसऱ्याला तो रोज रोज ऐकवला नव्हता, एकदाच ऐकवला तेव्हा तो नंतर जास्त गात राहिला. म्हणजे सगळेच सरावतात का, हे त्यातून कळत नाही. पण दरीत उभं राहून कुठला पक्षी सरावणारा आणि कुठला न सरावणारा हे आपल्याला कळत नाही, आणि आपल्या दोन मिनिटांनंतर पुढच्या ग्रुपची दोन मिनिटं असतात. जूनमधल्या रविवारी तिथे किती ग्रुप असतात ते जाऊन बघा.

हे सगळं मी जरा आत्मविश्वासानं लिहितोय, पण एका ताईच्या मेसेजपुढे मी बराच वेळ गप्प होतो. ती शाळेत शिकवते, आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. तिनं लिहिलं: "माझ्या मुलीनं आज नवरंग पाहिला असता तर तिला तो जन्मभर लक्षात राहिला असता. उद्या ही दरी वाचवायची वेळ आली तर तीच उभी राहिली असती. न पाहिलेल्या गोष्टीवर प्रेम कसं करायचं?"

आता हा प्रश्न भक्ताला विचारला तर तो काय म्हणेल! हा ब्लॉग वाचणारे आपण सगळे न पाहिलेल्यावरच प्रेम करतोय की. पण हे उत्तर मुलीला द्यायचं नाही. मुलांना सगुण लागतं, आपल्यालाही लागतं, नाहीतर पंढरपूरला कोण गेलं असतं.

भागवतातच सातव्या स्कंधात प्रल्हाद नऊ प्रकारची भक्ती सांगतो. श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य, आत्मनिवेदन. मोजा. त्यात दर्शन नाही. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा चुकल्यासारखं वाटलं, पुन्हा मोजलं. खरंच नाही. याची शास्त्रीय कारणं जाणकार सांगतील. माझी समजूत अशी की हे नऊ भक्तानं करायचे आहेत आणि दर्शन हे समोरच्यानं द्यायचं आहे. मराठी तरी तसंच बोलते. 'वाघानं दर्शन दिलं' म्हणतो आपण ताडोब्याहून आल्यावर. देणारा तो. ज्याच्याकडे द्यायचा हक्क आहे त्याच्याकडे न द्यायचाही आहे, नाहीतर ते देणं कसलं? तासन् तास रांगेत उभं राहूनही गाभाऱ्यापर्यंत पोचता आलं नाही तर वारकरी कळसाला हात जोडतो आणि वारी पोचली म्हणून परत फिरतो. त्याला कुणी 'पैसे वाया गेले' म्हणत नाही.

आणि नऊंतली पहिली भक्ती श्रवण. त्या मुलीनं चाळीस मिनिटं नवरंग ऐकला. खरा, स्वतःहून गाणारा, कुणी न छेडलेला. वाजवून बाहेर काढलेला दिसला असता तो नवरंग नसता, नवरंगाची घाबरगुंडी असती. ताईला मी हे लिहिलं. ती म्हणाली, "पटतंय, पण तिला नाही पटणार." तेही खरंच आहे. तिला त्या सकाळी दिसलेले सातभाई जास्त आवडले, कारण ते सात जण भांडत होते.

दरी वाचवण्याबद्दल मात्र ताईशी माझं जुळत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीसाठी पुणेकर मोठ्या संख्येनं रस्त्यावर उतरले, टेकडीतून जाणाऱ्या रस्त्याच्या विरोधात. त्यांच्यातल्या कितीजणांनी तिथे दुर्मीळ पक्षी पाहिला असेल? बहुतेकांनी तिथे रोजची हवा खाल्ली होती, मोर ऐकला होता, गवत पिवळं पडताना पाहिलं होतं. प्रेम बसलं ते रोजच्या जाण्यानं. हमखास दिसण्यानं बसतं ते प्रेम कमी आणि सवय जास्त. हमखास दिसणाऱ्या गोष्टीसाठी माणूस पुन्हा येत नाही, यादीत खूण करतो आणि पुढच्या नावाकडे जातो. व्याख्यानं संपल्यावर प्रश्नोत्तरांत मी नेहमी बघतो, पहिला प्रश्न 'तो काय खातो' हा नसतो, 'लोकेशन कुठलं' हा असतो. म्हणून तर ई-बर्डवर काही संवेदनशील प्रजातींच्या नेमक्या जागा मुद्दाम दाखवत नाहीत.

आपण पुष्कळ पुढे आलोय हेही खरं. सालिम अलींची सुरुवातच लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका चिमणीपासून झाली. गळ्यावर पिवळा ठिपका, ही कुठली म्हणून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत विचारायला गेले आणि तिथून सगळं आयुष्य बदललं. त्या काळी पक्षी नीट ओळखायचा म्हणजे मारूनच हातात घ्यायचा. मग दुर्बीण आली, कॅमेरा आला. बंदूक गेली, पण 'मला आत्ता, इथे, हातात हवा' हे गेलं का? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची व्याख्या वाचा. नुसतं मारणं नाही. सापळा लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं, इतकंच काय पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणं, हे सगळं त्यात 'शिकार' आहे. फोनवरचा आवाज त्यात बसतो का, ते वकील सांगतील.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउली अहिंसा समजावतात तेव्हा पाऊल कसं टाकावं याचे दाखले देतात. कमळावर पाय ठेवणारा भुंगा, केसर चुरगळेल या भीतीनं हळुवार. आणि त्याच्याच अलीकडे, पाण्यात लाट न मोडता पाऊल टाकणारा बगळा. किती बारीक बघितलंय! मुळा-मुठेच्या काठी उभं राहिलं तर आजही तस्संच दिसतं. पण बगळ्याची नजर आमिषावर आहे हेही माउलींनी त्याच ओवीत ठेवलंय. अहिंसेचं उदाहरण द्यायला शिकारी पक्षी घेतला, आणि त्याची शिकार लपवली नाही. मी यावर बरेच दिवस अडलो होतो. आता वाटतं, आम्ही दुर्बिणी घेऊन दरीत जातो तेव्हा आमचं पाऊल बगळ्यासारखंच असतं, आवाज न करता, काडी न मोडता. ते भुंग्याचं पाऊल आहे की बगळ्याचं, हे पाऊल बघून नाही कळत.

अजगर आठवतोय ना मागच्या आठवड्यातला? आपोआप समोर येईल ते घेणारा, नाही आलं तर पडून राहणारा. त्याच्यावर लिहिलं तेव्हा एकानं कमेंट केली होती, "हे आळशी माणसाला बरं आहे." दरीत चाळीस मिनिटं न हलता, डास चावत असताना उभं राहून बघा एकदा.

ग्रुपचं पुढे काय झालं, ते सांगतो. दादानं पुढच्या फेरीच्या सूचनेत एक ओळ घातली: "कुठलाही पक्षी दिसेलच असं नाही, आवाज वाजवला जाणार नाही." वीस जागांपैकी आज रात्रीपर्यंत अकरा भरल्यात. एरवी पहिल्या दिवशी यादी बंद होते. फेऱ्यांवर त्याचं घर चालतं, आणि त्याच रविवारी त्याच दरीत दुसऱ्या एका ग्रुपची 'नवरंग हमखास' अशी जाहिरात फिरतेय. ताईनं दोन जागा घेतल्यात. काकांनी अजून काही कळवलेलं नाही.

उद्या माशाचं उरलेलं आणि मग पिंगलेचं आख्यान सुरू करू. पक्षीवाल्यांनो, पिंगळा नव्हे, पिंगला. ती मध्यरात्रीपर्यंत दारात उभी राहून वाट बघते, आणि कुणी येत नाही.

राम कृष्ण हरी.